पुनारामचा झाडू

पुनाराम नागदेवे माझा शेजारी. आमच्या दोन दुकानांच्या मधे विटांची भिंत आहे, पण ती पत्र्यापर्यंत पोचत नाही, वरून मोकळीच आहे. त्यामुळे तो दिवसभर काय बोलतो ते मला ऐकावंच लागतं. मी काचा कापतो, फोटोंच्या फ्रेमा बनवतो. या कामाला शांतता लागते. काच कापताना पलीकडून कोणी "दात आत!" म्हणून ओरडलं की माझा हात हलतो आणि काच वाया जाते. यावरून मी त्याला पुष्कळ शिव्या दिल्या आहेत. त्यानं एकही मनावर घेतली नाही.

"दात आत" हे त्याचं फोटो काढणं. ऑनलाइन फॉर्म भरायला आलेल्या माणसाला तो निळ्या पडद्यासमोर स्टुलावर बसवायचा, खिडकीचं पल्लं थोडं लोटून उजेड नीट करायचा आणि दम भरायचा, "हासाचं नाई. हासला का फॉर्म वापस आला समज." मग समोरचा माणूस इतका गंभीर व्हायचा की फोटोत प्रत्येक जण नुकताच कोणाला तरी पोचवून आल्यासारखा दिसायचा. मी म्हणायचो, "तुह्याकडचा फोटो आन् माह्याकडची फ्रेम, दोनी एकाच कामाचे." तो हसायचा. हसायची बंदी फक्त गिऱ्हाइकांना होती.

मध्य प्रदेशातल्या बालाघाटच्या बसस्टँडमागे आमची गल्ली आहे. किरनापुर, लांजी, बैहरच्या गाड्यांतून उतरलेलं माणूस सरकारी कचेरीत जायच्या आधी पुनारामच्या दारात येतं, कारण कचेरीला कागद लागतो आणि कागद कंप्युटरच्या आत असतो. तो बाहेर काढणं म्हणजे पुनारामचा धंदा. लोकांना वाटतं त्यात काय, बटण दाबलं की झालं. बटण दाबल्यावर काय काय होतं ते मी भिंतीच्या अलीकडून वर्षानुवर्षं ऐकलं आहे. कधी पडद्यावर भरलेलं पान कागदावर कोरं येतं. कधी तक्ता उजवीकडून कापला जातो आणि माणसाचं आडनाव कागदाच्या बाहेर राहतं. कधी हिंदी अक्षरांच्या जागी नुसते डबे उमटतात. कधी प्रिंटर हूं की चूं करत नाही, सगळे त्याच्या तोंडाकडे बघत बसतात आणि मग कळतं की प्रिंटरच्या जागी पीडीएफ निवडलेलं होतं, कागद येणारच नव्हता.

प्रत्येकावर पुनारामचा इलाज होता. पान आडवं करायचं. नव्वद टक्क्यांवर आणून बसवायचं. पार्श्वभूमीच्या चित्रांची खूण लावायची, नाहीतर ब्राउजर शाई वाचवायला रंगीत भाग गाळून टाकतो. हे जमलं नाही तर दुसऱ्या ब्राउजरमधून उघडायचं. आणि या सगळ्याच्या आधी, कुठलाही रोग असो, पहिला उपचार एकच. ब्राउजरनं साठवून ठेवलेलं सगळं पुसायचं, त्याची खिडकी बंद करायची, परत चालू करायची. याला तो झाडू म्हणायचा. "पह्यले झाडू, मंग पूजा." तीन कळा एकदम दाबायच्या, एन्टर मारायचा, खिडकी बंद. गिऱ्हाइकाशी गप्पा मारत, तोंडात खर्रा, नजर रस्त्यावर, आणि हात तिकडे झाडू मारून मोकळा. गोंदियाला ज्या उस्तादाच्या दुकानात तो हे काम शिकला त्याची ही शिकवण. दहातली नऊ कामं त्यानं खरंच सुटायची.

झाडूचं आणखी एक कारण होतं आणि ते मला मान्य होतं. आमच्याच गल्लीतल्या एका सेंटरमधून मागे एका पोरीचा फोटो बाहेर गेला. कोणी काढला, कोणी पाठवला, काही सापडलं नाही. पोरीचं ठरलेलं लग्न तेवढं मोडलं. ते सेंटर बंद पडलं. तेव्हापासून पुनाराम दुसऱ्याचं काहीही आपल्या कंप्युटरवर ठेवत नसे. फॉर्म गेला की फोटो पुसला. कचऱ्याच्या डब्यातूनही पुसला. "दुसऱ्याचं तोंड आपल्याजोळ ठेवाचं नाई," म्हणायचा. मी त्याची खोडी काढायचो, पण एवढी शिस्त या गल्लीत दुसऱ्या कोणाला नव्हती, मलाही नाही.

लोकेश बोरकर त्याच्याकडे आला तो एका खाणीच्या कंपनीत गार्डची जागा होती म्हणून. किरनापुर रस्त्यावरच्या एका खेड्यातला पोरगा, बाप नाही, हैदराबादला काही वर्षं काम करून परत आलेला. लहानपणी धान उकडायचा गंज, म्हणजे मोठं पातेलं, अंगावर पडून त्याची मान आणि हनुवटी भाजली होती. त्या डागामुळे तो कॅमेऱ्यापासून पळायचा. लग्नाकार्यात फोटोवाला दिसला की हा पंगतीत वाढायला निघून जायचा. मोबाइलवर स्वतःच्या फोटोच्या जागी त्यानं मोटरसायकल लावली होती. पण फॉर्मला तोंड लागतंच.

पुनारामनं त्या दिवशी फार वेळ घेतला. स्टूल इकडे सरकव, पल्लं उघड, कॉलरचं बटण लाव, मान एवढी खाली घे. शेवटी जो फोटो आला त्यात डाग सावलीत गेला होता. पोरानं तो कंप्युटरच्या पडद्यावर पाहिला आणि विचारलं, "हा मीच का, भाऊ?" मी भिंतीपलीकडून म्हणालो, "नाई, तुहा पाव्हणा होय." तेव्हा तिघंही हसलो. फोटो मात्र नेहमीसारखाच होता, दात आत. तो कंपनीच्या साइटवर चढला आणि पुनारामनं शिस्तीत इकडचा पुसून टाकला.

पुढे ऑगस्टात इंटरव्ह्यूचं बोलावणं आलं. भरलेल्या फॉर्मची प्रिंट सोबत न्यायची होती. लोकेश आला, कोपऱ्यातल्या दुसऱ्या कंप्युटरवर बसून त्यानं साइट उघडली. तिथं पासवर्डाची भानगड नव्हती, मोबाइलवर ओटीपी यायचा, तो टाकला की आपलं पान उघडायचं. नेमकी प्रिंटरची शाई संपलेली. पुनाराम म्हणाला, "उद्या ये, काढून ठेवतो." पोरगा मोटरसायकलवर परत निघाला. त्यांच्या गावाच्या अलीकडे नाल्यावर ठेंगणा पूल आहे, आम्ही रपटा म्हणतो. त्यावरून पाणी चाललं होतं. पलीकडे घर दिसत होतं म्हणून त्यानं गाडी घातली.

गाडी मिळाली. मोबाइल मिळाला नाही. लोकेश मिळाला तो फार खाली, बऱ्याच दिवसांनी, आणि ज्या अवस्थेत मिळाला त्यात गावच्या जाणत्यांनी ठरवलं की आईला तोंड दाखवायचं नाही. कपडा बांधलेलाच ठेवला. लोकांनी चांगल्यासाठी केलं असेल. मला आजही त्यांचा राग येतो, आणि त्यांच्या जागी मी काय केलं असतं तेही माहीत नाही.

ललिताबाई, त्याची आई, पहिल्यांदा आली ती माझ्याकडे. सोबत मुलगी होती, संघमित्रा, इथंच कॉलेजात शिकणारी. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम रविवारी होता. बौद्ध घरांत त्या दिवशी बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरींजवळ गेलेल्या माणसाचा फोटो ठेवतात, मेणबत्ती लावतात, वंदना होते. अशा फ्रेमा मी किती केल्या त्याचा हिशेब नाही. मी नेहमीप्रमाणे हात पुढे केला, "फोटो द्या."

बाईनं आधार कार्ड दिलं. त्यावर शाळकरी वयाचा एक काळा डाग होता, त्यात नाक कुठे आणि डोळे कुठे ते आपणच ठरवायचं. संघमित्राच्या मोबाइलात दोन फोटो होते. एकात लोकेश पाठमोरा गाडी धुत होता, दुसऱ्यात तोंडाला दुपट्टा होता. मी म्हणालो, यातून काही होणार नाही.

ललिताबाई तिथंच पायरीवर बसली. "भाऊ, लोकायनं मले त्याचं तोंड पाहू देल्लं नाई," ती म्हणाली. "एकडाव पाह्यतो म्हणलं, तरी नाई. आता फोटोतच पाह्यनं हाये."

मग भिंतीवरून आवाज आला, "घनश्याम, त्याहिले इकडं पाठव."

पुनारामला आठवलं होतं. पोरगा कोपऱ्यातल्या कंप्युटरवर बसला होता, साइट उघडलेली होती, त्यानंतर लॉगआउट केलेलं नव्हतं. आणि त्याच संध्याकाळी व्होल्टेज वरखाली होऊन त्या कंप्युटरची पावर सप्लाय जळाली होती. तो तेव्हापासून तसाच कापड टाकून पडला होता. म्हणजे त्याच्यावर झाडू फिरलेला नव्हता. बाकी सगळ्या दुकानातून लोकेश पुसला गेला होता, त्या एका बंद डब्यात तेवढा असेल तर असेल.

पुनाराम दुकान बंद करून गोंदियाला गेला आणि नवी पावर सप्लाय घेऊन आला. शनिवारी सकाळी त्यानं मायलेकींना बोलावलं. मीही काम टाकून गेलो. कंप्युटर चालू झाला, ब्राउजर उघडला आणि पडद्यावर प्रश्न आला, मागची पानं परत उघडू का? पुनारामनं हो म्हटलं. चाक फिरत राहिलं. मग पान आलं. वर कंपनीचं नाव, खाली लोकेश बोरकर, आणि उजवीकडे फोटो. निळा पडदा, कॉलरचं बटण लावलेलं, तोंड मिटलेलं, डोळे सरळ आपल्याकडे.

ललिताबाई उठून पडद्याजवळ गेली आणि त्या फोटोवर बोट ठेवून उभी राहिली. मला तिथून निघून जावंसं वाटलं. पुनारामच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि तो हसतही होता. एवढा खूश मी त्याला त्याच्या पोरीच्या लग्नातही पाहिला नव्हता.

संघमित्रानं मोबाइल काढला. "काका, मी एक फोटो काढून घेते स्क्रीनचा."

"थांब बाई," पुनाराम म्हणाला. "मोबाइलनं लाइनी येतात. आन् एवढासा फोटो मोठा केला का तोंडाचे चौकोन होते. म्या याले साइटवरूनच साफ काढून देतो. फ्रेमीत जाचा हाये तो."

तिनं मोबाइल खाली घेतला. वाईट प्रिंट गिऱ्हाइकाच्या हातात द्यायची नाही, हा त्याचा जुना हट्ट. त्या हट्टापायी लोक किरनापुरहून त्याचंच दुकान विचारत यायचे. मीही तेव्हा मान हलवली. लाइनी पडलेला फोटो फ्रेममध्ये वाईटच दिसतो.

त्यानं प्रिंट दिली. कागद आला. नाव आलं, बापाचं नाव, जन्मतारीख, गाव, सगळं आलं. फोटोच्या जागी काळ्या रेघेची चौकट आली, आत कोरी. त्यानं पार्श्वभूमीची खूण लावून परत दिली. परत चौकट कोरी. फोटोवर उजवं बटण दाबलं, तर चित्र जतन करायचा पर्यायच येईना. कंपनीवाल्यानं फोटो असा चिकटवला होता की तो बघता येत होता, उचलता येत नव्हता. पुनाराम घामाघूम झाला. तिसरा कागदही तसाच आला.

"बाहीर नाई येत का तो?" ललिताबाईनं विचारलं.

"येते ना बाई, काहून नाई येत," पुनाराम तिच्याकडे वळून म्हणाला. "असं होतच राह्यते. तुम्ही बसा. म्या काढतो त्याले."

तो तिच्याकडे बघत होता. तिला धीर देत होता. आणि त्याचा हात, जो हजारो वेळा हेच करत आला होता, त्यानं तीन कळा दाबल्या, एन्टर मारला आणि खिडकी बंद केली.

मला काही कळलं नाही. संघमित्राला कळलं. ती "काका" एवढंच म्हणाली. पुनारामनं पडद्याकडे बघितलं. त्यानं घाईघाईनं ब्राउजर उघडला, साइट उघडली. पान कोरं होतं, मधे एक रकाना होता. मोबाइल नंबर टाका, त्यावर ओटीपी पाठवला जाईल. त्यानं लोकेशचा नंबर टाकला. ओटीपी पाठवला आहे, असं पडद्यावर आलं. खाली आकडे उलटे मोजले जाऊ लागले आणि आम्ही चौघं ते संपेपर्यंत बघत उभे राहिलो. मोबाइल नाल्याच्या गाळात कुठेतरी होता.

नंतर त्यानं मला सांगितलं की झाडू मारला तरी पडद्यावरचं पान लगेच जात नाही. खिडकी बंद करेपर्यंत ते तिथंच असतं. म्हणजे तीन कळा दाबल्यावरही लोकेश समोर होता. हे त्यानं मला इतक्या वेळा सांगितलं की शेवटी मी त्याच्यावर ओरडलो.

त्यानं काय केलं नाही? कंपनीला फोन लावला, तर कोणी पोरगी गोड आवाजात म्हणाली की माहिती फक्त उमेदवाराला मिळेल, उमेदवाराला स्वतः लॉगिन करायला सांगा. सिम दुसरं काढायला गेला, तर ज्याच्या नावावर आहे त्यानं समोर यावं लागतं, नाहीतर मृत्यूचा दाखला. दाखला अडकला होता, कारण पोरगा बुडाला एका ठाण्याच्या हद्दीत आणि सापडला दुसऱ्या. तो दाखला मिळून नंबर चालू होईपर्यंत भरती संपली आणि कंपनीनं सगळे अर्ज साइटवरून काढून टाकले. मग पुनारामनं दोन्ही कंप्युटर नागपूरला पुसलेलं परत काढून देणाऱ्या एकाकडे नेले. तिथून काही फोटो निघाले. निळा पडदा, बटण लावलेली कॉलर, दात आत. सगळे दुसऱ्यांचे.

पण ते पुढचं. रविवारी कार्यक्रम होता आणि शनिवारी दुपारी ललिताबाई त्या तीन कागदांपैकी एक घेऊन माझ्याकडे आली. "याले फ्रेम करा," म्हणाली.

मी म्हणालो, "बाई, यात काही नाई."

"नाव हाये ना," ती म्हणाली. "जागाबी हाये त्याची."

मी काच कापली. त्या दिवशी पलीकडून कसलाच आवाज नव्हता, तरी माझ्या दोन काचा वाया गेल्या. रविवारी मी आणि पुनाराम दोघेही त्या गावी गेलो. तसबिरींजवळ पांढऱ्या कापडावर ती फ्रेम ठेवली होती. लोक येत होते, फूल ठेवत होते आणि वाकताना त्या कोऱ्या चौकटीकडे बघून क्षणभर घोटाळत होते. पुनाराम सगळ्यांच्या मागे, दाराशी, चपला काढल्या होत्या तिथं बसला. वंदना चालू असताना त्याचे ओठ हलत नव्हते.

मला वाटलं होतं ललिताबाई त्याला कधीतरी शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ती आता बाजाराला आली की त्याच्या दुकानात येते आणि निळ्या पडद्यासमोरच्या स्टुलावर बसते. पुनारामनं फोटो काढणं बंद केलं आहे, पण पडदा तसाच आहे. ती म्हणते, "सांगा ना भाऊ, कसा दिसत होता." ज्यानं लोकेशचं तोंड एवढं निरखून पाहिलं होतं, मान वळवून, उजेड लावून, असा माणूस तोच एक. तो सांगतो. कॉलरचं बटण, कपाळावरचे केस, डाग कसा सावलीत गेला होता. मी पलीकडे ऐकतो. सुरुवातीला तो भराभर सांगायचा. मग थांबून थांबून सांगू लागला. शर्ट एकदा पांढरा झाला, एकदा आकाशी. बाई कधी अडवत नाही.

परवा ती आली होती. त्यानं बटणाचं सांगितलं, केसांचं सांगितलं आणि मग खिडकीचं पल्लं लोटल्याचा आवाज आला. मी काचेवरचा हात थांबवला.

"आन् हासत होता, बाई," पुनाराम म्हणाला. "मस्त हासत होता."

त्या स्टुलावर आजवर कोणी हसलेलं नाही, त्यानं हसू दिलं नाही. आणि तो फोटो तिनं बोट ठेवून पाहिलेला होता.

"हौ," ललिताबाई म्हणाली. "हासतच होता."